सायकलच्या टायरचा रंग कसा निवडावा: नवख्यांसाठी मार्गदर्शन

सायकलला नवे टायर घालायची वेळ आली, की पहिल्यांदाच लक्षात येते की टायर फक्त काळा नसतो. बाजू मातकट तपकिरी असलेले, संपूर्ण पांढरे, लाल, निळे, काळ्यावर एकच रंगीत पट्टा असलेले असे अनेक प्रकार समोर येतात आणि नवा माणूस इथेच गोंधळतो. हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, की रंगामुळे टायरच्या कामातही फरक पडतो? याचे उत्तर रंग टायरच्या कोणत्या भागात आहे यावर अवलंबून असते. बाजूचा रंग ही बहुतांशी आवडीची बाब आहे. रस्त्याला टेकणाऱ्या भागाचा रंग मात्र रबरात काय मिसळले आहे याची खूण असतो आणि तिथे आवडीला थोडी मुरड घालावी लागते. पुढे दिलेला क्रम याच धोरणाने लावला आहे.

आधी टायरचे भाग ओळखावेत

टायर हातात घेतल्यावर बाहेरून दोन भाग दिसतात. एक म्हणजे नक्षी किंवा गोटे असलेला, रस्त्याला टेकणारा जाड पट्टा आणि दुसरा म्हणजे तिथून रिमपर्यंत उतरणारी पातळ बाजू. पहिल्या भागाला माहितीपत्रकांत ट्रेड म्हणतात. बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत धाव म्हणतात. झीज सोसण्याचे काम दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे या लेखात मी तोच शब्द वापरणार आहे. दुसऱ्या भागासाठी साइडवॉल हा शब्द दुकानांतही सर्रास चालतो. या दोन्हींच्या आत धाग्यांचे कापड असते. ते बहुधा नायलॉनचे, कधी पॉलिएस्टरचे आणि शर्यतीच्या काही टायरांमध्ये सुती असते. रिममध्ये अडकणाऱ्या कडेत तार किंवा न ताणणाऱ्या धाग्यांची दोरी असते. हवेचा दाब खऱ्या अर्थाने पेलते ते हे कापड. रबराकडे कापड झाकण्याचे आणि रस्ता धरून ठेवण्याचे काम असते.

रबर मुळात काळे नसते

रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो आणि तो गोठवून वाळवला की त्याला मेणासारखा पिवळसर रंग येतो. जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हाचे आणि त्यानंतरची बरीच वर्षे बनणारे टायर असेच फिकट रंगाचे असत. मिशेलिन कंपनीचा, टायरांच्या वळ्यांपासून बनलेला गुबगुबीत माणूस अनेकांनी पाहिला असेल. तो १८९८ मध्ये चित्रात अवतरला आणि आजही पांढराच आहे, कारण त्या काळचे टायर तसेच दिसत.

टायर काळे होऊ लागले ते १९१० च्या दशकात, कार्बन ब्लॅक नावाची अतिशय बारीक काजळी रबरात मिसळायला सुरुवात झाल्यावर. तेल किंवा वायू अपुऱ्या हवेत जाळून ही काजळी मिळवतात. ती घालण्यामागे रंगाचा विचार नव्हता. काजळीचे कण रबराच्या लांबलचक रेणूंना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे रबर कमी झिजते आणि सहजासहजी फाटत नाही. शिवाय सूर्यप्रकाशातले अतिनील किरण काजळी स्वतःच शोषून घेत असल्याने उन्हाने रबर तडकण्याचा वेगही मंदावतो. थोडक्यात, काळेपणा हा टायरवर चढवलेला रंग नसून त्याला बळकटी देणाऱ्या द्रव्याचा स्वतःचा रंग आहे. म्हणूनच रंगीत टायर बनवणाऱ्यासमोर खरा प्रश्न हा असतो, की काजळी काढून टाकल्यावर तिची जागा कशाने भरायची.

या प्रश्नाचे चांगले उत्तर म्हणजे सिलिका. ही पांढरी, बारीक पूड रबरात नुसती ढवळून चालत नाही. ती रबराशी नीट बांधली जावी म्हणून सिलेन वर्गातली जोडद्रव्ये वापरावी लागतात. तसे केले की ओल्या रस्त्यावर पकड चांगली मिळते आणि टायर फिरताना वाया जाणारी ऊर्जाही कमी होते. १९९० च्या दशकात मोटारींच्या टायरांमध्ये सिलिकाचा वापर वाढला तो याच कारणांमुळे. त्याच दशकात मिशेलिनने डोंगरी सायकलींसाठी चक्क हिरव्या रबराचे टायर काढले होते. सिलिका पांढरी असल्याने तिच्यासोबत हवा तो रंग मिसळता येतो. म्हणजे रंगीत धाव असलेला प्रत्येक टायर वाईट असतो, असे अजिबात नाही.

दुसरे उत्तर स्वस्तातले आहे. खडूची भुकटी किंवा चिनी माती घालून रबराचे वजन आणि आकारमान वाढवता येते. अशा भरणीने अंग भरते, ताकद मात्र येत नाही. नुसत्या डोळ्यांना या दोन टायरांमधला फरक कळत नाही, कारण दुकानात दोघेही सारखेच लालभडक दिसतात.

पहिली पायरी: माप, आणि मगच रंग

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण रंगाच्या मोहात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सध्याच्या टायरच्या साइडवॉलवर ३७-६२२ किंवा ४७-५५९ अशा पद्धतीचा आकडा उठवलेला असतो. आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा आकडा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. पहिल्या आकड्यात थोडा फरक चालतो, मात्र टायर फ्रेमला, मडगार्डला किंवा ब्रेकला घासता कामा नये.

इंचांवर विसंबू नये. सव्वीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांमध्ये ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ अशी पाच वेगवेगळी मापे सापडतात आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. मनासारख्या रंगाचा टायर दिसला की आधी हा आकडा पाहावा आणि तो जुळत नसेल, तर टायर कितीही सुंदर असला तरी तिथेच सोडून द्यावा. काही मापांमध्ये काळ्याखेरीज रंग मिळतच नाहीत, विशेषतः जुन्या पद्धतीच्या सायकलींच्या मापांत. तिथे हा लेख वाचूनही फार काही करता येणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

दुसरी पायरी: धावेचा रंग

रोज रस्त्यावर चालवायच्या सायकलला धाव काळीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हा अंधविश्वास नाही. नवख्या ग्राहकाला रंगीत रबराची प्रत पारखता येत नाही आणि काळ्या रबराच्या बाबतीत फसगत होण्याची शक्यता बरीच कमी असते. पकड कमी पडली तर ते कळते ते ओल्या वळणावर, ब्रेक दाबल्यानंतर, आणि तेव्हा टायर बदलण्याची सवड नसते.

तरीही रंगीत धाव घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. टायर कोणत्या कामासाठी आहे हे उत्पादकाने लिहिले आहे का, हे पहिल्यांदा वाचावे. ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा किंवा सिलिकायुक्त रबराचा उल्लेख असेल तर ती जमेची बाजू आहे. मग टायरचा एक भाग दोन्ही हातांनी धरून धाव बाहेरच्या बाजूला येईल असा जोरात वाकवावा आणि नक्षीच्या खाचांमध्ये पाहावे. खाचेच्या तळाशीही तोच रंग असेल तर रंग रबरातच आहे. तळाशी वेगळी छटा दिसली तर वरचा थर पातळ आहे आणि तो झिजल्यावर टायर चट्ट्यापट्ट्याचा दिसू लागेल. शेवटी पांढऱ्या रुमालाचे टोक ओले करून धावेवर आठ-दहा वेळा घासावे. रुमालावर जरा मळकट डाग येणे ठीक आहे, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश नव्या टायरवर राहिलेला असतो. मात्र रुमाल लाल किंवा निळा झाला तर तो टायर परत जागेवर ठेवावा.

मधला मार्गही आहे. काही टायरांमध्ये धावेचा मधला पट्टा काळा आणि खांद्याकडचे पट्टे रंगीत असतात. मधल्या पट्ट्यावर झीज होते, तर खांदे वळताना टेकतात. म्हणून दोन ठिकाणी दोन प्रकारची रबरे वापरणे हे मुळात तांत्रिक कारणानेच सुरू झाले. खांद्याला मऊ, पकड देणारे रबर आणि मध्ये टणक रबर, अशी ही वाटणी असते. चांगल्या उत्पादकाकडे ही वाटणी विचारपूर्वक केलेली असते. नुसत्या शोभेसाठी रंगवलेल्या टायरमध्ये ती तशी असेलच, असे धरून चालू नये.

नवख्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा इशारा इथेच द्यायला हवा. निळे किंवा लाल, गुळगुळीत धावेचे काही टायर घरातल्या ट्रेनर यंत्रासाठी बनवलेले असतात, म्हणजे सायकल एका जागी उभी करून, मागचे चाक रोलरवर फिरवून व्यायाम करण्यासाठी. रोलरच्या घर्षणाने होणारी उष्णता सोसावी, असे त्यांचे रबर असते. रस्त्यावर, आणि त्यातही ओल्या रस्त्यावर, ते धोकादायकरीत्या घसरते. त्यांना भडक रंग देण्याने एक फायदा होतो, की हा टायर बाहेर न्यायचा नाही हे एका नजरेत कळते. नेमका तोच रंग पाहून, सायकलला शोभेल म्हणून, कोणी तो विकत घेतला तर सगळा हेतूच उलटतो. साइडवॉलवर ट्रेनर किंवा होमट्रेनर असा शब्द असेल तर रस्त्यासाठी तो टायर नको.

फिकट धाव खरोखर उपयोगी पडते अशीही एक जागा आहे. काळे रबर गुळगुळीत फरशीवर किंवा लाकडी जमिनीवर काळे ओरखडे सोडते. त्यामुळे व्हीलचेअरचे टायर पुष्कळदा राखाडी असतात आणि बंदिस्त सभागृहात खेळल्या जाणाऱ्या सायकल-क्रीडांमध्येही फिकट टायर दिसतात. घरातल्या घरात चालणाऱ्या लहान मुलांच्या सायकलीला राखाडी किंवा पांढरे टायर घेणे हे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

पुढचा टायर रंगीत आणि मागचा काळा, अशी जोडी काहींना आवडते. झीज मागच्या टायरची लवकर होते, कारण स्वाराचे अधिक वजन आणि पायडलचा जोर दोन्ही त्याच्यावर येतात. त्यामुळे रंगीत टायर पुढे लावला तर जास्त टिकेल, हा हिशेब बरोबर आहे. परंतु पुढचे चाक घसरले तर सायकल सावरणे जवळजवळ अशक्य होते, मागचे घसरले तर निदान संधी मिळते. तेव्हा पकडीची खात्री नसलेला टायर पुढे लावू नये, आणि खरे तर मागेही लावू नये.

तिसरी पायरी: साइडवॉलचा रंग

आता मोकळेपणाने आवड चालवावी असा भाग आला. साइडवॉल रस्त्याला टेकत नाही, त्यामुळे तिथल्या रंगाने पकडीत फरक पडत नाही. टिकाऊपणात मात्र थोडा पडतो आणि तो समजण्यासाठी तपकिरी बाजूंचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत, कारण वर्णनांमध्ये ते बिनदिक्कत एकमेकांच्या नावाने खपवले जातात.

पहिला प्रकार गमवॉल. यात धाग्यांवर काजळी न घातलेल्या, तपकिरी रबराचा बऱ्यापैकी जाड थर असतो. तो हाताला काळ्या साइडवॉलसारखाच लागतो, ओरखडे सोसतो आणि रोजच्या वापराला चालतो. दुसरा प्रकार स्किनवॉल. यात बाजूवर रबराचा थर जवळजवळ नसतो. दिसतो तो धाग्यांचाच रंग, त्यांवर रबराचा पातळ हात फिरवलेला. बाजू उजेडात धरून जवळून पाहिली की तिरप्या धाग्यांची वीण स्पष्ट दिसते, आणि बोट फिरवले तर कापडाचा खरखरीतपणा जाणवतो. अशी बाजू हलकी आणि लवचिक असल्याने टायर खड्ड्यांवरून मऊ चालतो. शर्यतीच्या सायकलींना ती म्हणूनच आवडते. मात्र दगडाच्या धारेने ती लवकर कापली जाते, आणि सुती धागे असतील तर सतत ओल राहिल्यास कुजतातही. तपकिरी बाजूला टॅनवॉल असेही म्हणतात, पण ते केवळ रंगाचे नाव आहे. त्याखाली गमवॉल आहे की स्किनवॉल, हे डोळ्यांनी आणि बोटांनीच ठरवावे.

ट्यूब न घालता, आत पंक्चर बुजवणारे द्रव भरून टायर वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. पातळ स्किनवॉलमधून सुरुवातीच्या दिवसांत हे द्रव बारीक थेंबांनी पाझरते आणि तपकिरी बाजूवर ओलसर ठिपके उमटतात. टायर बिघडलेला नसतो. द्रव आत बसले की पाझर बहुधा थांबतो, डाग मात्र राहू शकतात.

पांढरी साइडवॉल जुन्या धाटणीच्या, रुंद हँडलच्या सायकलींवर अतिशय देखणी दिसते, हे मान्य करायलाच हवे. लाल, निळी, पिवळी बाजूही मिळते. त्यांच्या बाबतीत निवडीपेक्षा निगा अवघड असते आणि त्याचे वर्णन पुढे येईलच.

चौथी पायरी: रात्री सायकल चालवणार असाल तर

दिवसा टायर कोणत्याही रंगाचा असला तरी वाहनचालकाला तुम्ही त्यामुळे लवकर दिसाल, असे फारसे घडत नाही. रात्रीची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे रंगापेक्षा परावर्तक पट्टा कामाला येतो. काही टायरांच्या साइडवॉलवर एक अरुंद, अखंड वर्तुळाकार पट्टा असतो. तो प्रकाश जिथून आला त्याच दिशेला परत पाठवतो. बाजूने येणाऱ्या मोटारीच्या दिव्यात दोन फिरती वर्तुळे चमकतात आणि चालकाला समोर सायकलच आहे हे ताबडतोब ओळखू येते. स्पोकवरच्या रिफ्लेक्टरने केवळ गोल फिरणारे ठिपके दिसतात. अमेरिका आणि जर्मनीच्या सायकलविषयक नियमांत स्पोकच्या रिफ्लेक्टरऐवजी असा अखंड परावर्तक पट्टा चालतो. तुमच्या भागातला नियम वेगळा असू शकतो, तो पाहून घ्यावा.

फसगत अशी होते, की साधा पांढरा रंगवलेला पट्टा आणि परावर्तक पट्टा दिवसा जवळपास सारखेच दिसतात. परावर्तक पट्टा किंचित रुपेरी-राखाडी असतो, शुभ्र नसतो. खात्री करायची तर मोबाइलचा टॉर्च लावून तो डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाजवळ धरावा आणि चार-पाच पावले मागे जाऊन टायरकडे पाहावे. परावर्तक पट्टा दिवा लावल्यासारखा झळकतो, रंगवलेला नुसता उजळतो. टॉर्च डोळ्यापासून दूर, हात लांब करून धरला तर ही चाचणी फसते, कारण परत येणारा प्रकाश टॉर्चकडे जातो, तुमच्या डोळ्यांकडे येत नाही. फ्लॅश लावून फोटो काढला तरी तेच कळते.

काळी धाव, काळी किंवा तपकिरी साइडवॉल आणि तिच्यावर परावर्तक पट्टा, ही जोडी मला स्वतःला सर्वांत समंजस वाटते. पट्ट्यावर चिखल बसला की तो काम करत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावा. पट्टा असलेल्या टायरने पुढचा-मागचा दिवा लावण्याची गरज संपत नाही, हे वेगळे सांगायला नको.

पाचवी पायरी: ब्रेक, डायनॅमो आणि निगा

तुमच्या सायकलचे ब्रेक रिमला पकडणारे आहेत की मधल्या डिस्कला, हे पाहा. ब्रेकचे रबर ॲल्युमिनियमच्या रिमवर घासते तेव्हा बारीक राखाडी भुकटी निघते; पावसात तिचा काळा राप होतो आणि तो फिरत्या चाकावरून थेट साइडवॉलवर उडतो. काळ्या टायरवर हे कधी कळतही नाही. पांढऱ्या किंवा फिकट तपकिरी बाजूवर मात्र रिमच्या वर बोटभर रुंदीची मळकट कड तयार होते. डिस्क ब्रेक असेल तर हा त्रास नाही. रिमचेच ब्रेक असतील आणि फिकट बाजू हवी असेल, तर ब्रेकचे रबर रिमच्या बरोबर मध्ये टेकते ना, हे पाहूनच टायर बसवावा. ते किंचित वर सरकलेले असेल तर प्रत्येक ब्रेकला साइडवॉल घासली जाते. स्किनवॉलचे धागे अशाने थोड्याच दिवसांत उघडे पडतात आणि एके दिवशी टायर फुटतो.

जुन्या पद्धतीचा, टायरला टेकून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो असेल तर त्याचे चाक साइडवॉलवर एक घासलेली रेघ काढत राहते. रंगीत पट्टा किंवा परावर्तक पट्टा नेमका त्याच जागी येत असेल तर तो खरवडला जाईल. डायनॅमोसाठी काही टायरांच्या बाजूवर बारीक दात्यांची खास पट्टी असते. अशा सायकलला तसाच टायर शोधावा, आणि स्किनवॉलचा विचार सोडून द्यावा.

निगेबद्दल मी अनुभवाने बोलू शकतो. काही वर्षांपूर्वी मी हौसेने संपूर्ण पांढरे टायर बसवले होते. पहिल्या आठवड्यात लोक थांबून पाहत. मग पाऊस झाला. दोन दिवसांत टायरचा रंग जुन्या पायपुसण्यासारखा झाला आणि साबणाने तो पूर्ववत होईना, म्हणून मी रॉकेलचा बोळा फिरवला. मळ निघाला खरा, पण बाजू चिकट झाली, फुगल्यासारखी दिसू लागली आणि त्या चिकटपणावर पुढच्या फेरीत दुप्पट धूळ बसली. रॉकेल, पेट्रोल, डिझेल अशी द्रव्ये रबर शोषून घेते, फुगते आणि कमजोर होते, हे मला तेव्हा ठाऊक असते तर टायर आणखी एक वर्ष तरी चालले असते.

टायर धुण्याची योग्य पद्धत साधी आहे: कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. फिकट बाजू आठवड्याला धुतली तर डाग मुरत नाहीत. महिनाभर तशीच ठेवली तर काही डाग जातच नाहीत. घासून पांढरे करणारा मेलामाइनचा स्पंज बाजारात मिळतो. तो काम करतो, पण रबराचा अतिसूक्ष्म थर खरवडूनच करतो, म्हणून कधीमधीच वापरावा आणि स्किनवॉलवर मुळीच नाही. टायर चमकवणारे तेलकट द्रव धावेवर लागता कामा नये. त्याने पकड जाते. रिमवर किंवा डिस्कवर उडाले तर ब्रेकही जातात.

पांढरे रबर उन्हात कालांतराने पिवळसर पडते आणि तपकिरी बाजू गडद होत जाते. उन्हाखेरीज हवेतला ओझोनही रबराला बारीक तडे पाडतो. त्यापासून बचाव करणारी काही द्रव्ये काळ्या रबरात मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि तपकिरी दिसतात. जुन्या काळ्या टायरवर दिसणारी मातकट झाक बऱ्याचदा हीच असते. याचा रंगीत टायरशी संबंध असा, की पांढरा टायर काळ्या टायरला चिकटवून साठवला तर ती द्रव्ये त्याच्यात शिरतात आणि न निघणारे तपकिरी डाग पडतात. दोघांमध्ये कागद किंवा पिशवी घालावी.

सहावी पायरी: सायकलशी मेळ

ही पायरी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, जरी बहुतेकजण सुरुवात इथूनच करतात. फिकट साइडवॉल असली की काळी धाव बारीक रेघेसारखी दिसते आणि रिमपासून बाजूपर्यंतचा सगळा भाग डोळ्यांना एकत्र दिसतो. रिम रुपेरी असेल तर तपकिरी बाजू तिच्यात सौम्यपणे मिसळते. रिम काळी आणि रुंद असेल तर तपकिरी बाजू कड्यासारखी उठून दिसते. तपकिरी सीट आणि त्याच छटेची हँडलची पट्टी यांच्यासोबत तपकिरी बाजू हमखास शोभते. फ्रेमचा रंग भडक असेल तर टायरही भडक घेऊ नये, असे मला वाटते. शिवाय लाल फ्रेमला लाल टायर घेतले तरी रबराचा लाल आणि रंगाचा लाल कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि जवळ ठेवल्यावर तो फरक डोळ्यांना अधिकच टोचतो.

पडद्यावर दिसणारा तपकिरी आणि हातातला तपकिरी यांत बराच फरक असतो. एकाच नावाखाली सायीसारखी फिकी, मधासारखी आणि थेट विटकरी, अशा तिन्ही छटा मिळतात. शक्य असेल तर टायर दुकानाबाहेर उजेडात नेऊन सायकलच्या शेजारी धरावा. दोन्ही टायर एकाच वेळी घ्यावेत. एक आज आणि दुसरा चार महिन्यांनी घेतला तर छटा जुळेलच असे नाही, आणि तोवर पहिल्याचा रंगही वापराने बदललेला असतो.

टायर बसवताना

साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहूनच टायर चढवावा. टायरवरचे नाव व्हॉल्व्हच्या बरोबर वर येईल असे बसवण्याची जुनी पद्धत आहे. दिसायला ती नीटनेटकी आहेच, शिवाय पंक्चर झाल्यावर ट्यूबमधले भोक टायरच्या कोणत्या भागासमोर येते हे लगेच मोजता येते आणि तिथे रुतलेला काटा सापडतो. फिकट बाजूचा टायर चढवण्याआधी हात धुवावेत; साखळीच्या तेलाचा अंगठ्याचा ठसा पांढऱ्या बाजूवर पुष्कळ काळ राहतो. लोखंडी पट्टीने टायर चढवू नये, प्लॅस्टिकची वापरावी, नाहीतर रंगाचा थर पहिल्याच दिवशी खरवडला जातो. हवा थोडी भरून चाक फिरवावे. साइडवॉलवर रिमलगत उठवलेली बारीक रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. ती कुठे आत गेली असेल तर हवा सोडून तिथला टायर हाताने ओढून घ्यावा आणि मगच साइडवॉलवर लिहिलेल्या मर्यादेत पूर्ण दाब भरावा. नव्या टायरवर साच्यातल्या द्रव्याचा गुळगुळीतपणा असतो, म्हणून पहिल्या काही किलोमीटरांत वळणे जपून घ्यावीत. हे काळ्या आणि रंगीत दोन्ही टायरांना लागू आहे.

शेवटी एक गोष्ट राहते. काळा टायर उद्याही मिळेल. तुम्ही निवडलेल्या छटेचा टायर पुढच्या वर्षी बनत असेल याचा भरवसा नसतो. रंगाच्या बाबतीत फार आग्रही असाल तर दोनाऐवजी तीन टायर घ्यावेत. तिसरा टायर घडी न घालता सैल गोल ठेवून, काळ्या पिशवीत गुंडाळून, ऊन लागणार नाही अशा थंड जागी ठेवावा. विजेवर फिरणाऱ्या यंत्राच्या मोटरजवळ मात्र नको, कारण तिच्या ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो. पिशवीवर खरेदीची तारीख, माप आणि छटेचे नाव लिहून ठेवावे.